मैत्रीला जागलेल्या न्यायाधीशास

माननीय माजी न्यायाधीश जी. थॉमस पोर्टियस (ज्युनिअर) यांस,



पाकिटावर नाव काय घालावे इथेच मी अडलो. सरकारी कागदांत तुम्ही पोर्टियस. पण मार्च २००१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या दिवाळखोरी न्यायालयात तुमचा अर्ज दाखल झाला तेव्हा अर्जदार होता कुणी जी. टी. ऑर्टस. सौभाग्यवतीही त्या दिवसापुरत्या ऑर्टस झाल्या. पत्त्याच्या जागी घर नव्हते, नुकतीच भाड्याने घेतलेली टपालपेटी होती. गावातल्या वर्तमानपत्रात दिवाळखोरांची नावे छापून येत आणि फेडरल न्यायाधीशाचे नाव त्यात दिसणे बरे नव्हे, एवढाच काय तो संकोच. युक्ती वकिलाची होती म्हणतात. अर्जातला मजकूर खरा आहे अशा शपथेखाली सही मात्र तुमची. बारा दिवसांनी नाव दुरुस्त केलेत, पण तोवर छापायचे ते छापून झाले होते. आयुष्यभर इतरांना शपथ देणाऱ्या माणसाला शपथेचे वजन किती आणि ती कुठवर वाकते हे ठाऊक असणारच.

तुम्ही २०२१ साली गेलात. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे. ती मी पाळणार आहे. या पत्रात मी तुमची स्तुतीच करीन.

आमच्या वाचकांना तुमची ओळख करून दिली पाहिजे. आमच्याकडे जिल्हा न्यायाधीश व्हायचे तर परीक्षा, उच्च न्यायालयाची पसंती, बदल्या आणि ठरलेल्या वयाला निवृत्ती, असा सरळ रस्ता. तुमच्याकडे फेडरल जिल्हा न्यायाधीशाचे नाव थेट राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि मग तो माणूस तहहयात. राज्यघटनेत त्याला अट एकच, वर्तन चांगले हवे. पगार कापता येत नाही, बदली नाही, निवडणूक नाही. न्यायाधीशाला कुणाचे भय राहू नये म्हणून शहाण्या माणसांनी केलेली ही तजवीज. आपल्याला कुणाचेच भय नाही हे तुमच्याइतके मनावर घेणारे थोडेच निघाले.

त्याआधी दहा वर्षे तुम्ही राज्याच्या न्यायालयात होता. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात आणि न्यायाधीश मतदारांनी निवडलेले असतात. १९८४ साली तुम्ही जेफरसन पॅरिशचे न्यायाधीश झालात. न्यायालय ग्रेटना गावात, मिसिसिपी नदीपलीकडे. तिथेच तुमच्या मैत्रीचा विस्तार झाला.

एका जुन्या वकील मित्राकडून तुम्ही अधूनमधून रोख घेत असा. पुढे तो कंटाळला. मित्र झाला म्हणून काय, कितीदा द्यायचे? इथे तुमच्यातला कल्पक माणूस जागा झाला. प्रतिवादीचा ठावठिकाणा लागत नसेल तर त्याच्या बाजूने न्यायालय एक वकील नेमते. बहुधा कर्जवसुलीची प्रकरणे, काम किरकोळ, फी दीडदोनशे डॉलरच्या आसपास. या नेमणुका तुम्ही त्या मित्राच्या नावे पाठवू लागलात आणि त्याने व त्याच्या भागीदाराने फीचा निम्मा भाग तुम्हाला पोचवायचा, असे सुरू झाले. हिशेब मांडणाऱ्यांनी पुढे तुमचा वाटा वीस हजार डॉलरच्या घरात काढला. म्हणजे बेपत्ता माणसाचा बचाव व्हायचा तो झाला की नाही कोण जाणे, पण त्याच्या बेपत्ता असण्याचे सोने झाले. स्वतःच्या खिशातून द्यायला कंटाळलेल्या मित्राला तुम्ही न्यायालयाच्या कृपेतून देण्याची सोय करून दिलीत. इतका विचार सख्खा भाऊही करीत नाही.

दुसरी मैत्री जामीनवाल्यांशी. हा धंदा आमच्याकडे या रूपात नाही, म्हणून दोन शब्द. आरोपीला जामिनाची पूर्ण रक्कम भरता येत नाही. मग तो जामीन-धंदेवाल्याकडे जातो, रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास पैसे देतो आणि बाकीची हमी धंदेवाला घेतो. ते दहा टक्के परत मिळत नाहीत. आता धंद्याच्या बाजूने बघा. जामीन फार मोठा ठरला तर घरच्यांना दहा टक्केही जमत नाहीत आणि गिऱ्हाईक तुरुंगातच राहते. फार लहान ठरला तर कमाई चिमूटभर. या कुटुंबाकडून जास्तीत जास्त किती निघेल त्या आकड्यावर जामीन ठरला पाहिजे, आणि हा आकडा ठरवायचा असतो न्यायाधीशाने. ग्रेटनातल्या एका जामीनवाल्या भावाबहिणीला असा समजूतदार न्यायाधीश भेटला. मग जेवणावळी आल्या, मोटारींची दुरुस्ती आली, लास व्हेगासची सफर आली, घराचे मोडलेले कुंपण उभे करायला त्यांची माणसे आली. कुंपणाला हात लावणाऱ्यांच्या नावावर जुने गुन्हे होते. ते पुसून देण्याचे कामही तुमच्याकडेच आले. श्रमाचा मोबदला बुडवू नये हा संस्कार तुमच्यावर पक्का होता.

आता १९९४. उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तुमचे नाव पुढे केले आणि ऑक्टोबरच्या ७ तारखेला सिनेटने ते मंजूर केले. तुमच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त रस आहे तो या दीड-दोन महिन्यांत.

ही नेमणूक होत होती न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात. तिथलेच रॉबर्ट कॉलिन्स हे न्यायाधीश १९९१ साली लाचेच्या गुन्ह्यात दोषी ठरले होते आणि महाभियोगाची चाहूल लागल्यावर १९९३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. दुधाने तोंड पोळलेले असताना पुढचा घोट कोण किती फुंकून पिईल? पण फुंकर घालण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले ती मंडळी पाहा. एफबीआयने तुमच्याविषयी चौकशी केली ती, इतरांबरोबर, त्या जामीनवाल्याकडे. तो म्हणाला, माणूस उत्तम. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ती हीच. पुढे त्यानेच कबूल केले की त्या वेळी आपण खोटे बोललो.

आणि मुख्य साक्षीदार तुम्हीच. तुमच्या खासगी आयुष्यात असे काही आहे का, की ज्याच्या जोरावर कुणी तुम्हाला दबावात घेऊ शकेल? तुम्ही म्हणालात, नाही. नियुक्तीवर परिणाम होईल असे काही प्रतिकूल तुमच्या माहितीत आहे का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. नेमका प्रश्न, नेमके उत्तर, खाली सही. सिनेटच्या न्याय समितीतही हाच प्रश्न आणि हेच उत्तर. जगातल्या एका बलाढ्य राष्ट्राने आपल्या न्यायाधीशाची पारख करण्यासाठी त्यालाच विचारले की बाबा, तू चांगला आहेस ना, आणि तो हो म्हणाला म्हणून त्याच्यावर जन्मभराची नेमणूक ओवाळून टाकली. तुम्ही खोटे बोललात असे पुढे सगळे म्हणाले. पण त्या प्रश्नाला खरे उत्तर देणारा उमेदवार आजवर कुणी पाहिला आहे का? त्या रकान्यात ‘होय, दोन वकील आणि एक जामीनवाला’ असे लिहिणारा माणूस न्यायाधीश होण्याच्या लायकीचा असतो, आणि म्हणूनच तो होत नाही.

यातही तुमचा संयम मला भावतो. कुंपणवाल्यांपैकी एकाच्या नावावरचा गुन्हा पुसायचा राहिला होता. जामीनवाल्याने पुढे साक्ष दिली ती अशी की तुम्ही त्याला थांबायला सांगितले होते, आधी सिनेटचे होऊ दे, जन्मभराच्या पदाला या क्षुल्लक कामामुळे बाध नको. सिनेटने ७ ऑक्टोबरला तुम्हाला मंजुरी दिली. १४ ऑक्टोबरला, राज्य न्यायालयाच्या खुर्चीवरून उठण्यापूर्वी, तुम्ही त्या माणसाची शिक्षा रद्द करून टाकली. सात दिवस! मंजुरीची शाई वाळायच्या आत शब्द पाळला. सरकारी खात्यात कामाला इतकी गती असते कुठे?

फेडरल न्यायाधीश झाल्यावर जामीन ठरवण्याचे काम तुमच्याकडे उरले नाही. दुसरा कुणी असता तर जामीनवाल्याला ओळख दाखवली नसती. तुम्ही मात्र जुन्या न्यायालयातल्या नव्या न्यायाधीशांशी त्याची गाठ घालून देत राहिलात. फेडरल न्यायाधीश ज्याच्याबरोबर जेवतो तो माणूस भला असलाच पाहिजे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. एफबीआयने त्या न्यायालयाची चौकशी केली तेव्हा मोहिमेचे नाव ठेवले होते ‘सुरकुतलेला झगा’. त्यात ग्रेटनाचे दोन न्यायाधीश तुरुंगात गेले. तुमच्या झग्याची इस्त्री तेव्हाही मोडली नाही.

आणि मग लिल्येबर्ग विरुद्ध लाइफमार्क. एका रुग्णालयावरून आणि त्यातल्या औषधविक्रीच्या हक्कावरून औषधविक्रेते भाऊ आणि रुग्णालय चालवणारी कंपनी यांच्यात पेटलेला, कोट्यवधी डॉलरचा, वर्षानुवर्षे कुजलेला हा दावा १९९६ साली तुमच्यापुढे आला. ज्युरी नाही. कायदाही तुम्हीच ठरवणार, तथ्यही तुम्हीच. सुनावणीला काही आठवडे राहिले असताना लिल्येबर्ग बंधूंनी अचानक दोन नवे वकील घेतले. त्यांतला एक तुमच्या त्या फीवाटपातला भागीदार. जिंकल्यास मिळणाऱ्या रकमेचा ११ टक्के हिस्सा, असा करार. असल्या गुंतागुंतीच्या व्यापारी दाव्यांचा त्यांना काय अनुभव होता हे विचारणे असभ्यपणाचे होईल. तुमचा अनुभव होता, तेवढा पुरे.

लाइफमार्कच्या वकिलाला वास आला. त्याने अर्ज केला की न्यायाधीशांनी बाजूला व्हावे. तुम्ही त्या सुनावणीत या मित्रांशी असलेल्या पैशांच्या व्यवहारातले निवडणुकीची वर्गणी एवढेच सांगितलेत, बेपत्ता प्रतिवादींच्या फीचा विषय तेवढा आठवला नाही, आणि अर्ज फेटाळून लावलात. आता बिचारी कंपनी काय करील? तिनेही एक वकील शोधला. त्याची पात्रता एकच, तोही तुमचा मित्र. एक लाख डॉलर आगाऊ, आणि तुम्ही खटल्यातून बाजूला झालात तर आणखी एक लाख. ही अट वाचून मी पाच मिनिटे स्वस्थ बसलो होतो. पक्षकाराने वकिलाला बक्षीस लावले आहे ते खटला जिंकण्याचे नव्हे, न्यायाधीशापासून सुटका करून घेण्याचे! आमच्याकडे न्यायालयाबाहेर ‘साहेबांच्या ओळखीतला’ वकील शोधणारी माणसे पुष्कळ दिसतात, पण दोन्ही बाजूंनी साहेबांचेच मित्र उभे राहावेत, म्हणजे कुणावरच अन्याय होणार नाही, इतका समतोल अजून आमच्या ऐकिवात नाही. तुम्ही बाजूला झाला नाहीत. दुसऱ्या लाखावर त्या मित्राला पाणी सोडावे लागले. मैत्रीतही अशी झळ बसतेच.

१९९७ मध्ये सुनावणी झाली आणि निकाल राखून ठेवला गेला. तो राखलेला असतानाच, १९९९ च्या उन्हाळ्यात, तुमच्या मुलाचे लग्न निघाले. लग्नाआधीची पोरांची मौजमजा लास व्हेगासला. तिथे तुमच्या हॉटेलच्या खोलीचे पैसे जुन्या वकील मित्राने भरले. नंतर एका रात्री मासेमारीच्या नावेवर तुम्ही त्याच्या भागीदाराला, म्हणजे ज्याचा दावा तुमच्या टेबलावर निकालाची वाट पाहत पडला होता त्याला, हात आखडता झाल्याचे सांगितलेत. दोघांनी एकेक हजार काढले. तुमची सेक्रेटरी जाऊन लिफाफा घेऊन आली.

दोन हजार डॉलर. या आकड्यासाठी मी तुम्हाला मनापासून मानतो. कोट्यवधींचा दावा, लाखोंची फी पणाला लागलेली, आणि न्यायाधीशाने मागितले काय, तर मुलाच्या लग्नात थोडी मदत. याला लाच म्हणणारे अरसिक आहेत. मोठी रक्कम असती तर एखाद्या बँकेला संशय आला असता, कुणाला दचकायला झाले असते, कदाचित देणाऱ्याचाही हात थरथरला असता. तुमचा व्यवहार कधी दचकण्याइतका मोठा झालाच नाही. जेवण, दारूचा पेला, कुंपण, हॉटेलची खोली, लिफाफा. प्रत्येक गोष्ट इतकी लहान की देणाऱ्याला वाटावे मित्राला मदत केली आणि घेणाऱ्याला वाटावे मित्राने केली. वीस वर्षांत तुमच्या मनात ‘लाच’ हा शब्द एकदाही आला नसेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि मला भीती वाटते ती नेमकी त्याचीच. पैशांनी भरलेली पेटी घेणारा न्यायाधीश निदान रात्री ती पेटी लपवायला उठतो.

एप्रिल २००० मध्ये निकाल आला, मित्राच्या पक्षकाराच्या बाजूने. २००२ साली वरच्या न्यायालयाने तो बऱ्याच अंशी उलटवला आणि त्यातल्या काही भागांना मूळच नाही, काही तर निरर्थकाच्या काठावर आहेत, अशा अर्थाचे शेरे मारले. त्या न्यायाधीशांना तुम्ही मासे पकडायला नेले नव्हते.

न्याय करायला बसलो आहे तर एक सांगायला हवे. त्याच २००२ साली न्यू ऑर्लिन्सच्या एका नाचघरात रात्रभर नाचणाऱ्या पोरांच्या हातातल्या चमकत्या कांड्यांवर सरकारी दबावाने आलेली बंदी तुम्ही घटनाबाह्य ठरवलीत. निकाल धीट होता. कायदा तुम्हाला समजत नव्हता असे म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

ऑर्टसरावांकडे परत यायला हवे. जुगाराचा छंद आणि क्रेडिट कार्डे यांनी मिळून तुम्हाला दिवाळखोरी न्यायालयात आणले होते. तिथे येणारी सगळी देणी न्यायालयाला सांगायची असतात. एका कसिनोचे देणे सांगायचे राहिले. कराचा चार हजारांहून थोडा अधिक परतावा येणार होता, अर्जाच्या जेमतेम आठवडाभर आधी विवरणपत्र भरून तुम्हीच तो मागितला होता, तोही राहिला. न्यायालयाच्या परवानगीवाचून नवे कर्ज काढायचे नाही असा हुकूम होता. तुम्ही कसिनोत उधारीच्या चिठ्ठ्यांवर खेळत राहिलात. न्यायालयाच्या हुकमाचे काय होते हे जवळून पाहण्याची अशी संधी न्यायाधीशाला कुठली मिळायला?

एवढे सगळे उघड झाल्यावर तुमच्यावर फौजदारी खटला भरला गेला असेल असे आमच्या भाबड्या वाचकांना वाटेल. नाही. २००७ मध्ये न्याय खात्याने खटला न भरण्याचे ठरवले. मुदतीचा कायदा आडवा आला, आणखीही कारणे निघाली, आणि प्रकरण तुमच्याच बिरादरीकडे सोपवले गेले. सप्टेंबर २००८ मध्ये वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने तुमचे काम काढून घेतले. पगार काढून घेता येत नव्हता, घटनेची आडकाठी. मग दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही एकही खटला न चालवता पूर्ण पगार घेतलात, शेवटी वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर. दिलेल्या पैशांत काहीही न बिघडवणारी ही तुमची एकमेव न्यायालयीन कामगिरी, आणि माझ्या मते ती स्वस्तात पडली.

मार्च २०१० मध्ये प्रतिनिधिगृहाने चार कलमांखाली महाभियोग मंजूर केला. एकाही कलमाविरुद्ध एकही मत पडले नाही. तुमच्या वकिलांनी सिनेटपुढे दोन मुद्दे फार कौशल्याने मांडले. एक, मित्र मित्राला देतो, त्यात काय? दुसरा, ग्रेटनातले काही झाले असेल तर ते फेडरल पदाच्या आधीचे, त्यासाठी फेडरल पदावरून कसे काढता? दुसरा मुद्दा खरोखर विचार करण्याजोगा होता आणि त्या कलमावर २७ सिनेटर तुमच्या बाजूने राहिलेही. ८ डिसेंबरला निकाल लागला. लिल्येबर्ग प्रकरणाच्या कलमावर ९६ विरुद्ध शून्य. नेमणुकीच्या वेळी सिनेटला खोटे सांगितले या कलमावर ९० विरुद्ध ६. सोळा वर्षांनी का होईना, आपण तेव्हा कुणाच्या शब्दावर विसंबलो हे त्या सभागृहाच्या ध्यानात आले. आणखी एक वर्ष निभावले असते तर तुम्ही पासष्टीला पोचला असता आणि पूर्ण पगार जन्मभर, निवृत्तिवेतन म्हणून, घरपोच आला असता. तो गेला.

मग सिनेटने आणखी एक मत घेतले, ९४ विरुद्ध २: या गृहस्थाला पुन्हा कधीही फेडरल पद नाही. असा मान तुमच्याआधी इतिहासात फक्त दोन न्यायाधीशांना मिळाला होता, १८६२ मध्ये आणि १९१३ मध्ये. यामागचे कारण मी ओळखू शकतो. १९८९ साली सिनेटने फ्लोरिडाचे न्यायाधीश ॲल्सी हेस्टिंग्ज यांना लाचेच्या कटाबद्दल काढले, पण हे शेवटचे मत घ्यायचे राहून गेले. तीन वर्षांनी मतदारांनी त्यांना प्रतिनिधिगृहावर निवडून दिले. तुमच्यावर महाभियोग आणला त्या गृहाचे ते सन्माननीय सदस्य होते.

कळावे, लोभ असावा ही विनंती. न्यायालयात एकही मित्र नसलेला,

एक पक्षकार